व्हायोलिनच्या मिनिटामागे रक्तदाब

शेजारी राहणाऱ्या सोसायटीच्या चिटणिसांचं पत्र एका वाक्याचं होतं, पण त्या एका वाक्याखाली तीन ठिकाणी लाल रेघ होती. आपल्या घरातून रोज सायंकाळी निघणाऱ्या व्हायोलिनसदृश आवाजामुळे माझ्या वडिलांचा रक्तदाब वाढतो, सबब हा आवाज कायमचा बंद करण्याचा ठराव येत्या सभेत मांडण्यात येईल. सरासरीकाकांनी ते दारात उभ्यानेच वाचलं. रक्तदाब समजला, ठरावही समजला; 'सदृश' मात्र चावलं. बायकोने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि व्हायोलिनच्या पेटीत गजाशेजारी ठेवून दिलं. बोलली काहीच नाही. मुरलेल्या नवऱ्याला बायकोच्या बोलण्यापेक्षा अशा घडीची भीती जास्त वाटते.

सरासरी हे काही काकांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते इमारतीने ठेवलं. विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात, चाळिशीतल्या हजार माणसांपैकी पुढच्या वर्षी किती शिल्लक राहतील, याचा हिशेब करण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे कोणाला साधी सर्दी झाली तरी काका तिची सरासरी मुदत सांगत आणि सर्दी त्या मुदतीत गेली नाही तर सर्दीवर नाराज होत. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देऊन ती निवृत्त झाली आणि लगेच व्हायोलिन घेऊन घरी आली. आता मी बोलणार आणि बाकीचे ऐकणार, एवढंच कारण तिने दिलं.

ऐकणाऱ्यांत पहिला नंबर अर्थात काकांचा. इथे एक गोष्ट त्यांच्या खात्यावर नावे टाकणं भाग आहे. तिने गज उचलला की काकांना नेमकं फिरायला जायचं असे, आणि पाऊस असला तर मोरीत काहीतरी गळत असे. ते व्हायोलिन बंद झालं असतं तर सगळ्यात आधी काकांचाच जीव भांड्यात पडला असता. हे त्यांना माहीत होतं. बायकोला माहीत असावं असा संशय होता. आणि नेमक्या याच कारणासाठी ते व्हायोलिन काकांच्या हातून बंद होता कामा नये, हे त्यांनी पत्र वाचतानाच ओळखलं. इतर कोणी बंद केलं तर ती इतरांवर चिडेल. काकांमुळे बंद झालं तर ती चिडणार नाही, गप्प होईल. आणि तिच्या गप्प होण्याची सरासरी मुदत काकांना अजून काढता आलेली नव्हती.

सभा तळमजल्यावरच्या खोलीत भरली. चिटणिसांनी ठराव वाचला, दोघातिघांनी माना हलवल्या, आणि हात वर होणार एवढ्यात काका उभे राहिले. ते म्हणाले, रक्तदाब वाढतो म्हणता, तर मोजून दाखवा. चिटणीस म्हणाले, वडील माझे आहेत, मला दिसतं. काका म्हणाले, दिसण्यावर जगात विमासुद्धा उतरवत नाहीत.

मग त्यांनी सभेला समजावलं. व्हायोलिन रोज किती मिनिटं वाजलं ते कागदावर आडवं मांडायचं, चिटणिसांच्या वडिलांचा, म्हणजे आजोबांचा, दाब उभा. रोजचा एक ठिपका पडेल. त्या ठिपक्यांमधून सगळ्यांना मिळून कमीत कमी नाराज करणारी एक सरळ रेषा काढायची. रेषेला चढ असला तर मिनिटामागे दाब किती वाढतो ते कळेल. पण नुसत्या चढावर जायचं नाही. मूठभर मणी जमिनीवर उधळले तरी त्यांतून काढलेली रेषा अगदी सपाट कधी येत नाही, कुठेतरी कलतेच. तेव्हा आपल्याला मिळालेला चढ खरा की उधळणीतला, हे तपासायचं. त्यासाठी चढाला त्याच्या स्वतःच्या डळमळीने, म्हणजे तो नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो त्या आकड्याने, भागायचं. भागाकार तक्त्यात दिलेल्या आकड्याच्या वर गेला तर चढ खरा, व्हायोलिन बंद. खाली राहिला तर आरोप सिद्ध झाला नाही, व्हायोलिन चालू.

सभेला यातलं 'बंद' आणि 'चालू' समजलं. तळमजल्यावरचे वकील म्हणाले की पद्धत न्याय्य वाटते, कारण कळत नाही.

इथपर्यंत काका पुढे होते. मग ते म्हणाले की कसोटी दोन्ही बाजूंनी घेऊ. दाब वाढतो का तेही बघू आणि उतरतो का तेही. यात त्यांचा हिशेब होता. दोन्ही बाजू धरल्या की तक्त्यातला आकडा मोठा होतो आणि आरोप सिद्ध करणं थोडं अवघड जातं. शिवाय त्यांच्या विभागात तशीच रीत होती.

"उतरतो?" चिटणीस म्हणाले. "काका, तुम्ही ऐकलंय ना ते?"

सभा हसली. तिसऱ्या रांगेत बसलेली बायको हसली नाही. चिटणिसांनी आवाज मऊ करून पुढे विचारलं की घरच्या माणसाला थोडी सूट हवी असेल तर तसं सांगा, सभा विचार करेल. आकडेवारी विभागातून निष्कलंक निवृत्त झालेल्या माणसाला सूट देऊ केली! काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, मला सूट नको, एकच बाजू लिहा. दाब वाढतो की नाही, एवढंच बघायचं. इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं आणि काकांनी खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा टपोरं आलं.

घरी जाताना जिन्यात बायकोने विचारलं, "दुसरी बाजू सोडून दिलीत, त्याने काही बिघडतं का?"

"काही नाही," काका म्हणाले. "शिष्टाचाराचा भाग असतो तो."

प्रयोग ठरला खरा, पण समिती नावाची गोष्ट मध्ये होती. दाब मोजायचं यंत्र काकांचं, म्हणून ते सरकारी शिक्क्याने प्रमाणित करून आणावं असं ठरलं. काका यंत्र घेऊन दवाखान्यात गेले. तिथे माणसं तपासतात, यंत्रं नाही, असं कळलं. वजनमापे कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं की यात मोजतात काय. काका म्हणाले, रक्त. म्हणजे रक्ताचा दाब. कारकुनापुढच्या तक्त्यात लांबी, वजन आणि द्रव एवढेच रकाने होते. रक्त द्रव आहे याबद्दल त्या कार्यालयात दुमत झालं नाही. मग 'हे माप द्रवपदार्थ मोजण्यास योग्य आहे' असा गोल शिक्का बसलेला दाखला घेऊन काका परतले. चिटणिसांनी फक्त शिक्का पाहिला आणि मान्य केलं. काका दाखला उलटा धरून उभे होते.

बायकोने कोणत्या दिवशी किती वाजवायचं हे तिच्या मर्जीवर सोडलं तर आकडे बिघडतील, म्हणून चिठ्ठ्या करायच्या होत्या. अजिबात नाही, पाव तास, अर्धा, पाऊण आणि एक तास. प्रत्येकी चार चिठ्ठ्या, एका डब्यात. डबा वकिलांकडे. रोज संध्याकाळी वकील डोळे मिटून एक चिठ्ठी काढत आणि खालच्या फळ्यावर लिहीत. फळ्यापुढे लोक जमू लागले. कालपर्यंत ज्यांना व्हायोलिनचा त्रास होता ते आता शून्य निघालं की हळहळत, आणि एक तास निघाला की जिन्यात एकमेकांना हळूच टाळी देत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपली अर्धशिशीही कागदावर घ्या म्हणून गळ घातली. औषधवाल्याने रोज नवे सेल घालण्याचा सल्ला दिला, कारण सेल तो विकत होता. ज्याला त्याला काकांना अडवून एकच विचारायचं होतं: कलतंय का?

काका म्हणत, अजून ठिपके पुरे झाले नाहीत. रात्रीच्या जेवणाला बायकोही तेच विचारी, शब्दांत नाही. ताट वाढताना हात मध्येच थांबवून.

चिठ्ठीवर वाजवणं तिला अपमानाचं वाटत होतं. पाव तासात तारा लागतात फक्त, ती म्हणे. शून्याच्या दिवशी ती खिडकीशी बसून व्हायोलिन पुसत राही, इतकी की त्याचा रंग उडेल अशी भीती वाटे. आणि त्या दिवशी काकांना गाढ, निर्मळ शांततेत वर्तमानपत्र वाचता येई, आणि वर्तमानपत्राआडून स्वतःची लाज वाटे. एका शून्याच्या दिवशी तिने न बघताच म्हटलं, "आज बरं वाटत असेल." काकांनी पान उलटलं. त्या पानावर नुसत्या जाहिराती होत्या, त्या त्यांनी शेवटपर्यंत वाचल्या.

वाजवण्याची ठरलेली वेळ संपली की, शून्याच्या दिवशीही, काका यंत्र घेऊन शेजारी जात. आजोबा भिंतीलगतच्या खुर्चीत बसलेले असत. बाही वर करत, दंडाला पट्टा गुंडाळू देत, आणि यंत्र फुगत असताना छताकडे बघत. मोजताना बोलायचं नाही हा काकांचा नियम त्यांनी असा पाळला की नमस्कारालाही ते मान हलवत. पलीकडे चिटणीस आकड्याकडे वाकून बघत. मोठा आला की 'बघा' म्हणत, लहान आला की यंत्राच्या सेलबद्दल विचारत.

एकदा एक तासाची चिठ्ठी निघाली. त्या संध्याकाळी काका शेजारी पोचले तर बापलेकांचं बिनमिठाच्या जेवणावरून जुंपलेलं. आजोबांचं म्हणणं, मला चव कळेल असं काहीतरी मरायच्या आधी वाढा. चिटणिसांचं म्हणणं, डॉक्टरांनी बजावलंय. भांडण नेमकं त्याच वेळी का निघालं, हेतूने की सवयीने, ते सांगता येत नाही. फळा मात्र चिटणिसांनीही वाचला होता. काकांनी थोडं थांबून मोजू म्हटलं, तर चिटणिसांनी घड्याळ दाखवलं: ठरलेली वेळ ती ठरलेली वेळ. आकडा त्या प्रयोगातला सगळ्यात मोठा आला. तो कागदावर मांडला तेव्हा बाकी ठिपक्यांपासून दूर, वर, एकटा जाऊन बसला. वरच्या मजल्यावरून खाली थुंकणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

डबा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी, सभेच्या आधी, काका टेबलाशी बसले. आत बायको तारा लावत होती.

चढ निघाला. मिनिटामागे एक अष्टमांशाहून किंचित कमी: शून्य पूर्णांक बारा. पण नुसत्या चढावर जायचं नाही हे त्यांनीच सभेला शिकवलं होतं. डळमळ काढली. भागाकार केला. एक पूर्णांक चौऱ्याण्णव.

त्यांनी तक्ता उघडला. वीस ठिपक्यांच्या ओळीत दोन आकडे होते. दोन्ही बाजू धरल्या तर दोन पूर्णांक दहा. एकच बाजू धरली तर एक पूर्णांक त्र्याहत्तर. काकांचा आकडा दोघांच्या बरोबर मध्ये बसला होता. दोन्ही बाजूंनी कसोटी घेतली असती तर आरोप फेटाळला गेला असता. एका बाजूने घेतली तर सिद्ध. आणि एका बाजूखाली काकांची टपोरी सही होती.

"काय आलं?" आतून आवाज आला.

"भागाकार चाललाय."

"इतका मोठा आहे?"

त्यांची नजर त्या वर बसलेल्या एकट्या ठिपक्यावर गेली होती. हा एक काढला तर? उत्सुकता म्हणून, फक्त उत्सुकता म्हणून, त्यांनी त्याच्याशिवाय हिशेब केला. भागाकार धाडकन सव्वावर आला. कुठल्याही बाजूने बघा, व्हायोलिन निर्दोष. नियमात काय लिहिलंय? आजोबांना ताप आला तर तो दिवस वगळावा. भांडणाचं काही लिहिलं नव्हतं. बिनमिठाचं जेवण हाही एक तापच, असं म्हणता आलं असतं. वकिलांनी म्हटलंही असतं. पण विभागात काकांनी एका कनिष्ठाला, आकडा आवडला नाही म्हणून ठिपका खोडल्याबद्दल, सगळ्यांदेखत उभं केलं होतं. तो आता त्यांच्या जागेवर होता.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी कॉलेजात हाच विषय शिकवत होती आणि बापाशी बोलताना परीक्षकासारखी बोले. काकांनी तिला एका सहकाऱ्याची अडचण म्हणून सगळं सांगितलं. सहकाऱ्याच्या बायकोचं व्हायोलिन, सहकाऱ्याच्या शेजाऱ्याचे वडील.

"सहकाऱ्याने बाजू कधी ठरवली? आकडे बघायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"मग तो विचारतोय काय, बाबा?"

काकांनी तक्ता मिटला. मग ती नरम आवाजात म्हणाली की चढ शून्य नाही म्हणजे चढ मोठा आहे असं नव्हे, हेही सहकाऱ्याला सांगा. आणि आईला विचारलंय म्हणावं.

सभेला अख्खी इमारत आली. एरवी पाण्याच्या टाकीवर चर्चा असली की माणसं सापडत नाहीत. आज जिन्यावरही बसले होते. आजोबांना खुर्चीसकट खाली आणलं होतं, कारण दाब त्यांचा. बायको पुन्हा तिसऱ्या रांगेत. तिने येताना विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर सांगायचं ठरवून ते प्रत्येक पायरीवर घसा खाकरत उतरले.

चिटणीस म्हणाले, वाचा.

काकांनी कागद धरला. डोक्यात एक वाक्य तयार होतं: कसोटी दोन्ही बाजूंनी घेतली असता चढ सिद्ध होत नाही. ते खोटं नव्हतं. गंमत हीच की त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि खोलीतल्या एकाही माणसाला ते पकडता आलं नसतं. तिसऱ्या रांगेतून ती बघत होती. तिच्या मांडीवर दोन्ही हात होते आणि डाव्या हाताची बोटं, तारांनी घट्टे पडलेली, उजव्या हाताखाली झाकलेली होती.

"आधी ठरवल्याप्रमाणे," काका म्हणाले आणि थांबले. "आधी ठरवल्याप्रमाणे एका बाजूने कसोटी घेतली. भागाकार तक्त्यातल्या आकड्याच्या वर गेला. व्हायोलिनने दाब वाढतो. सिद्ध झालं."

खोलीत कोणीतरी श्वास सोडला. चिटणीस हसले नाहीत, पण खुर्चीत ऐसपैस झाले. काकांना तिसऱ्या रांगेकडे बघायचं नव्हतं, म्हणून ते घाईघाईने पुढचं वाचू लागले: वाढ किती, तर मिनिटामागे शून्य पूर्णांक बारा, अर्धा तास वाजवलं तर साडेतीनच्या वर थोडी. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर मागून म्हणाल्या की तेवढा दाब तर मला फी विचारतानासुद्धा लोकांचा वाढतो, त्यात औषध द्यायचं काही नाही. पण चिटणिसांनी इतिवृत्त उघडलं. ठराव वाढतो की नाही याचा होता, किती वाढतो याचा नव्हता. तसं काकांनीच लिहून दिलं होतं. एकच बाजू. तेव्हा आता औपचारिकता उरकून घेऊ, असं म्हणून त्यांनी हात वर करायला सांगितलं.

"थांब रे," आजोबा म्हणाले.

मोजताना बोलायचं नाही या नियमामुळे त्यांचा आवाज कसा आहे हेच काका विसरले होते. तो चांगलाच खणखणीत होता.

"वाढतो, ते बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "त्यासाठी एवढे ठिपके कशाला काढलेत? मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण का वाढतो, ते कोणी विचारलं?"

कोणी विचारलं नव्हतं. कागदावर त्याला रकाना नव्हता.

"ही मुलगी रोज एकच गत वाजवते," ते म्हणाले. सरासरीकाकूंना मुलगी म्हणणारा त्या इमारतीत तो एकच माणूस उरला होता. "सुरुवात नीट. मधलं बरं. मग एक जागा येते, जिथे सूर वर उडी मारतो. तिथे ती पडते. रोज. मला ती जागा लांबून येताना दिसते. आज तरी पोचेल का, आज तरी पोचेल का, म्हणून मी खुर्चीचे हात आवळून बसतो. मग ती पडते. मग पुन्हा पहिल्यापासून. दाब वाढणार नाही तर काय होईल?"

"म्हणजे त्रासच ना, अण्णा," चिटणीस म्हणाले.

"त्रास तर आहेच. पण अरे, दिवसभरात मला दुसरी कसली वाट बघायची असते? तुझ्या बिनमिठाच्या भाजीची? बंद करा, म्हणजे माझा दाब उतरेल. उतरत उतरत तो कुठे जातो ते सरासरीकाकांना विचार, त्यांचा धंदाच होता तो."

कोणी हसलं नाही, कारण हसावं की नाही ते कळेना. वकिलांनी घसा साफ करून मुद्दा काढला की ज्याचा दाब वाढतो त्याचीच तक्रार नसेल तर ठराव उभा कशावर राहतो. चिटणीस बराच वेळ इतिवृत्तात आधाराचं वाक्य शोधत राहिले. शेवटी हात वर करायला सांगितलं. एकच हात वर झाला, तोही अर्धा, आणि चष्मा सारखा करून तो खाली आला. चिटणिसांनी मग ठराव मागे घेतला असं स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि पेनाच्या जोराने कागद फाटला.

आजोबांनी जाताना काकांच्या दंडावर थाप मारली. "खरं बोललात. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी करून तिला सोडवाल." ही शाबासकी जमेला धरायची की नावे टाकायची, हे काकांना पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर बायकोने दिवा लावला आणि पदराने चष्मा पुसला. काका चप्पल काढायचं विसरून उभे होते.

"दोन्ही बाजूंनी घेतली असती तर मी सुटले असते ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या सहकाऱ्याच्या मुलीने. तुमच्याशी बोलून झाल्यावर तिने मला फोन केला."

काकांनी खाली बघितलं, चप्पल दिसली, ती काढली. "सही आधीची होती," ते म्हणाले. "तुला वाटलं असेल, मला बंदच हवं होतं."

"ते तर हवंच होतं," ती म्हणाली. "मला काय माहीत नाही का, आपली मोरी इतकी कधीच गळत नव्हती?" मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाली, "पण आकडा फिरवून सोडवलं असतंत, तर जन्मभर तुमच्या मेहरबानीवर वाजवावं लागलं असतं मला. ते जमलं नसतं. त्यापेक्षा पडलेलं बरं."

तिने पेटी उघडली. फळ्यावर आज काही लिहिलेलं नव्हतं. हवं तेवढं वाजवायला ती मोकळी होती. फिरायला जायची वेळ झाली होती, पण काका बसले. आजच्या दिवशी बाहेर पडणं त्यांना शोभलं नसतं.

गत सुरू झाली. सुरुवात नीट होती. काकांनी आजवर ती कधी धड ऐकलेलीच नव्हती, सोसली होती, त्यामुळे तिला सुरुवात आणि मधलं असं काही आहे हे त्यांना आज कळत होतं. भिंतीपलीकडे फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मधलं बरं गेलं. मग सूर हळूहळू वर सरकू लागले, आणि ती जागा येतेय हे काकांनाही लांबून दिसलं. त्यांनी टेबलाची कड धरली. पलीकडे अगदी शांत. गज ताणला गेला, तिचं कोपर वर आलं, बोटं तारेवर पुढे सरकली, आणि उडीच्या ऐन टोकाशी येऊन ती थांबली.

तिने गज खाली घेतला. व्हायोलिन मानेवरून काढलं, त्याच्यावरून फडकं फिरवलं, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं.

"पुढे?" भिंतीपलीकडून आजोबांचा आवाज आला.

"अगं, पुढे?" काका म्हणाले.

"चढू दे थोडा," ती म्हणाली, आणि पेटीचं झाकण लावलं.